उन्हाळ्याची बेगमी आणि नोंदवहीचा रकाना

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात घरोघर माहिती गोळा करण्याचा प्रसंग वारंवार येतो आणि प्रत्येक वेळी वहीत एक रकाना हटकून असतो : व्यवसाय. माहिती घेणारा शिक्षक असो की ग्रामसेवक, तो ओट्यावर बसतो आणि कर्त्या पुरुषाला विचारतो, "आणि मंडळी काय करतात?" उत्तर ठरलेले असते. "काही नाही, घरीच असते." खुद्द त्या बाईला विचारले तरी तीही पदर सावरीत हेच सांगते. मग रकान्यात ‘घरकाम’ असा शब्द पडतो किंवा नुसती आडवी रेघ ओढली जाते, आणि वही पुढच्या घराकडे जाते. दिवस चैत्र-वैशाखाचे असतील, तर अंगणात बाजेवर धोतराचे पान पसरून त्यावर कुरडया वाळत घातलेल्या असतात आणि वही घेऊन आलेल्या माणसाला त्यांना वळसा घालूनच बाहेर पडावे लागते.

या ‘काही नाही’मध्ये काय काय सामावलेले आहे, ते आज थोडे तपशिलाने पाहावयाचे आहे.

चार महिन्यांची तजवीज

महाराष्ट्रातील गृहव्यवस्था पावसाच्या हिशेबाने चालत आली आहे. ज्येष्ठापासून पुढे चार महिने शेताची घाई, वाटा चिखलाच्या, सरपण ओले, आणि भाजीपाला दुर्मिळ. तेव्हा या चार महिन्यांत चूल कशावर चालावयाची याचा विचार फाल्गुनातच सुरू होतो. धान्य उन्ह देऊन कडुनिंबाच्या पाल्यासह कणगीत भरणे, डाळी करणे, मिरची वाळवून कांडणे, चिंच फोडून मिठात घालणे ही त्याची पहिली पायरी. कोकणात या साऱ्या साठवणीला ‘आगोट’ असा खास शब्दच आहे. तेथे रातांब्याची साले मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवितात व आमसुले करतात, फणसाची व आंब्याची पोळी थापतात, आणि किनाऱ्यावरच्या घरांत बोंबील व सोडे वाळवून ठेवतात. खानदेशात ज्वारीचे बिबडे होतात, नाशिककडच्या डोंगरपट्ट्यात नागलीचे पापड होतात, मराठवाड्यात येसराचे डबे भरले जातात, तर कोल्हापूरकडे कांदा-लसणाच्या चटणीशिवाय पावसाळ्याला सामोरे जाण्याची कल्पनाच कोणी करीत नाही. कोहळ्याचे सांडगे, ताकातल्या सांडग्या मिरच्या, उपवासाच्या साबुदाण्याच्या पापड्या ही यादी लांबविता येईल. घरात लग्न निघाले असेल, तर गव्हले, मालत्या व नखुले यांचे वळवट वेगळेच. ते काम बोटांच्या टोकांनी होते आणि चाळिशीतल्या डोळ्यांना सोसत नाही, म्हणून मुलीबाळींना बसविले जाते.

एका कुरडईचे उदाहरण घेतले तरी पुरे. चांगला गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो आणि त्याचे पाणी रोज न विसरता बदलावे लागते. कमी भिजला तर चीक सुटत नाही. जास्त भिजला तर आंबूस वास राहतो आणि तो वर्षभर जात नाही. भिजलेला गहू वाटून, पाण्यात कालवून फडक्यातून पिळला की पांढराशुभ्र चीक खाली उतरतो. तो रात्रभर निवळू द्यावयाचा. पहाटे अंधारात उठून वरचे पाणी ओतून टाकावयाचे, चुलीवर आधण ठेवून त्यात मीठ व हिंग घालावयाचा, आणि मग खरी कसोटी सुरू होते. एकीने चिकाची धार धरावी, दुसरीने मोठ्या पातेल्यात ढवळीत राहावे. हात क्षणभर थांबला की गुठळी झालीच. चीक शिजून चकाकू लागला, ओल्या बोटाला चिकटेनासा झाला, की तो गरम असतानाच सोऱ्यात भरून उन्ह चढण्यापूर्वी वेटोळी पाडावयाची. निवाला की सोऱ्या दाबता दाबता खांदे भरून येतात. आभाळ आले तर सारे मुसळ केरात. पिळून उरलेला चोथाही फेकला जात नाही; त्याच्या भुसवड्या होतात. आणि मुले तर पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या गरम चिकावर दूध-साखर घालून खाण्यासाठीच त्या दिवशी लवकर उठलेली असतात.

या कृतीत आंबविण्याचे ज्ञान आहे, पाण्याचे प्रमाण आहे, आचेचा अंदाज आहे व हवामानाचा अंदाजही आहे. हीच कृती एखाद्या कारखान्यात झाली असती तर तिच्यातील प्रत्येक टप्प्यासाठी एक पगारी माणूस नेमला गेला असता. घरात तिचे मोजमाप ‘अंदाजाने’ या एका शब्दात उरकले जाते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने सांगितलेल्या त्यातील पाककृती घराघरांत गेल्या. हा अंदाज मोजता येतो व लिहिता येतो, हे त्या पुस्तकाने लाखो वाचकांना सहज पटवून दिले.

सावड

कुरडई दोघीतिघींत होते. पापडाला मात्र अख्खी आळी लागते. उडदाच्या पिठात पापडखार, मिरे व हिंग घालून ते घट्ट भिजवावयाचे, तेलाचा हात लावून वरवंट्याने किंवा मुसळाने कुटावयाचे, सुतासारखे ओढता येऊ लागले की लाट्या पाडावयाच्या. दुपारची जेवणे आटोपली की शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन येतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. उडदाचा पापड कडक उन्हात तडकतो म्हणून तो सावलीत सुकवावयाचा. तेवढ्यासाठी सोप्यात, माजघरात, दिसेल त्या जागी चटया पसरलेल्या असतात. पैशाची देवघेव नसते. खावयास तेलातल्या लाट्या आणि वर चहा, एवढाच पाहुणचार.

शेतकामात याला ‘सावड’ म्हणतात. एकाचे बैल व मनुष्यबळ दुसऱ्याच्या रानात राबले की ते फेडावे लागते. पापडाच्या सावडीलाही असाच काटेकोर, परंतु कोठेही न लिहिलेला हिशेब आहे. कोण किती दुपारी आली, कोणाच्या घरी पाच किलोंचे पीठ होते व कोणाच्या दहा, हे सर्वजणींच्या पक्के ध्यानात असते आणि न आलेलीची आठवण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवली जाते.

मात्र या चित्राला केवळ गोडवा लावणे बरोबर होणार नाही. सावडीलाही वस्तीची कुंपणे होती. कोणाचे पोळपाट कोणाच्या अंगणात यावे हे जातीने ठरविलेले होते, आणि काही ठिकाणी ते आजही मनातून पुसले गेलेले नाही. शिवाय जी बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते, तिला मोकळी दुपार कोठून मिळणार? तिच्या घरचे वाळवण रात्री, सगळे झोपल्यावर होते, किंवा होतच नाही. बेगमी ही ज्याच्याकडे साठवावयास काही आहे त्याची असते, हेही विसरता कामा नये. १९७२ च्या दुष्काळात रेशनचा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस काढलेल्या घरांत कुरडईचा गहू आला कोठून असता?

गोधडी

वाळवणाचे डबे भरले की सुई निघते. गोधडी, वाकळ, कर्नाटकाच्या सीमेकडे कौदी. नाव निराळे, वस्तू एकच. जुने नऊवारी लुगडे खाली पसरावयाचे, त्यावर धोतराची, सदऱ्याची, परकराची फाटकी पाने सारखी करून अंथरावयाची, वर पुन्हा लुगडे; चारी कोपऱ्यांवर पाटे किंवा जड भांडी ठेवून कापड ताणून धरावयाचे आणि कडेने धावदोरा घालीत आत आत मध्याकडे जावयाचे. दोघीजणी समोरासमोर बसल्या तर काम लवकर सरते. टाके सारखे नसतील तर धुताना आतले कापड गोळा होते, म्हणून एका बोटाच्या अंतरात किती टाके पडावेत याचा प्रत्येक घरचा नियम असतो. नवरात्राच्या आधी नदीवर हीच गोधडी धोपटून धुतली जाते, आणि शिवणाची खरी परीक्षा तेथे होते.

गोधडीत घराचा इतिहास असतो असे लिहिण्याची आज प्रथा पडली आहे. ते खरे आहे. पण ज्या घरात एकही चांगले पांघरूण नव्हते त्या घरात ती इतिहासासाठी शिवली गेली नव्हती, थंडीसाठी शिवली गेली होती. सुती लुगड्यांची जागा नायलॉनच्या व तत्सम साड्यांनी घेतल्यापासून तिचा पोतही बदलला. कृत्रिम धाग्याचे कापड घसरते आणि अंगचा घाम टिपीत नाही. तान्ह्या मुलाचे दुपटे व कुंची यांसाठी म्हणूनच अजून जुन्या सुती कापडाचा शोध घेतला जातो, शेजारून मागूनही आणले जाते.

बाईच्या सुईचे काम चारचौघांत तिच्या नावाने मांडले जाण्याचा आमच्याकडे एकच प्रसंग आहे, तो म्हणजे लग्नातील रुखवत. क्रोशाचे तोरण, भरतकामाचा टेबलक्लॉथ, मण्यांचे काम, शेजारी शेवयांचे व पापडांचे ताट. नवरीने हे केले असे कौतुकाने सांगितले जाते. त्यानंतर चाळीस वर्षे ती तेच काम करीत राहते आणि पुन्हा कोणी ते मांडून ठेवीत नाही. आता तर तयार रुखवत भाड्याने मिळू लागले आहे, तेव्हा तो एक प्रसंगही हातचा गेल्यासारखा आहे.

शेजारचे कारागीर

घरातील हे काम घराच्या चार भिंतींत कधीच पुरे होत नव्हते. पाखडावयास सूप बुरडाचे, कणगी व दुरडी बुरडाची, पाण्याचा माठ व संक्रांतीची सुगडी कुंभाराची. जात्या-पाट्याला टाकी लावणारे, गादीचा कापूस पिंजणारा पिंजारी, पितळी भांड्यांना नवसागर व कथील लावून कल्हई करणारा, यांची हाक उन्हाळ्यात आळीतून हमखास ऐकू येई. स्टेनलेस स्टील आल्यावर कल्हईवाल्याची भट्टी विझत गेली. पिठाच्या गिरणीने टाकीचे काम संपविले.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने पाहावयास मिळते. बलुते घरातील पुरुषाच्या कामाचे मानले जाई. प्रत्यक्षात कुंभाराच्या चाकावर पुरुष बसला तरी माती चाळणे, ती राखेत वा लिदीत मळणे, ओला माठ उन्हाला लावणे, आवा रचताना गोवऱ्या पुरविणे आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाणे ही कामे बहुतेक घरच्या बाईचीच. बुरडाच्या घरात तर वेताची-बांबूची पट्टी सोलणे व विणणे ही कामे नवराबायको दोघेही करतात. सूप कोणी विणले हे विणीवरून सांगता येत नाही. माल मात्र त्याच्या नावावर विकला जातो.

बांबूविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण पंचायतीकडे तिची विचारणा होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना ‘वृक्षां’त होती. २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने त्यापूर्वीच, सामूहिक वनहक्क मिळवून, २०११ मध्ये आपल्या जंगलातील बांबूची विक्री व वाहतूक ग्रामसभेच्या हाती घेतली होती. बांधावर बांबू लावावयास आता अडचण उरलेली नाही; आणि तो लावला तर गावच्याच बुरडाला ओला माल मिळेल, जो विणीसाठी त्याला लागतो.

क्रमांक ९३

आता पुन्हा रकान्याकडे वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक व्यक्तीच्या कामाला एक क्रमांक दिला जातो. जी व्यक्ती केवळ घरकाम पाहते तिला ९२. जी घरकाम पाहून शिवाय घरच्या उपयोगासाठी सरपण, चारा, भाजी गोळा करते, शिवण-विणकाम करते, तिला ९३. म्हणजे गोधडी शिवणाऱ्या बाईची दखल शासकीय कागदात घेतलेली आहे. मात्र ९२ आणि ९३ हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. जनगणनेत १९९१ साली कामाविषयीच्या प्रश्नातच ‘शेतावर किंवा कौटुंबिक उद्योगात केलेले बिनमोबदला काम धरून’ अशा अर्थाचे शब्द जोडण्यात आले. त्यामुळे कुंभाराची माती मळणारी पत्नी गणनेत यावयास हवी. ती आली की नाही, हे प्रश्न कसा विचारला गेला यावर अवलंबून होते. ही गणना करणारे हात बहुधा शिक्षकांचेच असतात.

२०१९ साली देशभर झालेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. शिवाय मुळात घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा, तर स्त्रियांचे पाचांत चारांहून अधिक होते. जवळजवळ पाच तास, तेही सुटीचा वार नसलेले.

कोणी म्हणेल, रकान्यात काय लिहिले याने त्या बाईच्या आयुष्यात काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो बचत गटाच्या पहिल्याच प्रदर्शनात दिसून येतो. गटाच्या बायका पापड घेऊन बसतात. किंमत कशी ठरविली असे विचारले, तर डाळीचे इतके, खाराचे, तेलाचे, मिऱ्यांचे इतके, पिशवीचे इतके, असा हिशेब त्या तोंडपाठ सांगतात. लाटण्याची मजुरी किती धरली, असे विचारले की एकमेकींकडे पाहतात. "ते आपले घरचेच की." चार जणींच्या सहा दुपारी किमतीत धरलेल्याच नसतात. मग जो थोडा नफा दिसतो तो वास्तविक त्यांच्याच मजुरीचा एक लहानसा हिस्सा असतो, आणि ग्राहकाने दोन रुपये कमी करा म्हटले की त्या तोही सोडून देतात. ज्या कामापुढे आयुष्यभर आडवी रेघ ओढली गेली, त्याची किंमत तिने एकाएकी कोठून मांडावी?

ही मांडणी अशक्य नाही, याची दोन उदाहरणे मुंबईतच आहेत. १९५९ साली गिरगावात सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. तेथील रीत पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रात मळले जाते, भगिनी ते मोजून घरी नेतात, आपल्या सवडीने लाटतात, आणि वाळलेला पापड परत आणून दिला की तो तोलून लाटणावळ हातात पडते. लाटणावळ हा शब्द प्रथम, नफा नंतर. दुसरे उदाहरण गिरणगावातील खानावळींचे. गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या शेकडो बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेच्या अर्जात व्यवसायाचा रकाना होताच. तेथे ‘घरीच असते’ लिहून चालले नसते. राज्य शासनाचे महिला आर्थिक विकास महामंडळही त्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झाले, आणि बचत गटांच्या बांधणीत पुढे त्याचा मोठा वाटा राहिला.

जिल्हा परिषदांकडून शिलाई यंत्रे दिली जातात, गटांना गिरणी दिली जाते. हे चांगलेच आहे. परंतु यंत्र देताना शिवणावळीचा दर काय, कापड कोठून येणार, मागणी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे सोबत दिली नाहीत तर काही महिन्यांनी त्या यंत्रावर अंथरुणाची घडी दिसू लागते. मजुरीचा दर मांडावयास शिकविणारी दोन दिवसांची बैठक यंत्राइतकीच उपयोगी पडते आणि तिला यंत्राच्या मानाने खर्च नगण्य येतो. खाद्यपदार्थ विकावयाचे असतील तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे लहान उत्पादकालाही नोंदणी करावी लागते. तो अर्ज भरण्यासाठी गटाला तालुक्याला तीन खेपा घालाव्या लागू नयेत, एवढे काम ग्रामपंचायत कार्यालयात बसून होण्यासारखे आहे.

२०११ पासून महाराष्ट्रातील पंचायत संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे यापुढे ज्या नोंदवह्या गावात फिरतील त्यांच्यापैकी अनेकींवर सही करणारी सदस्या स्वतः त्या उन्हाळ्यात सोऱ्या दाबून आलेली असेल. शाळेतील गुरुजींनी व बाईंनी, ग्रामसेवकांनी आणि या सदस्यांनी ओट्यावर बसल्यावर प्रश्न थोडा बदलून पाहावा. "मंडळी काय करतात?" असे घरधन्याला न विचारता, बाईंनाच समोर बसवून, "फाल्गुनापासून आतापर्यंत घरात काय काय केले, आणि त्यातले किती घराबाहेर गेले?" असे विचारावे. उत्तराला वेळ लागेल. मधून एखादी शेजारीण येऊन राहिलेले सांगेल. चहा येईल. कणगी लिंपली, दोन घरचे पापड लाटले, नणंदेच्या बाळाला दुपटे शिवले, मामलेदारीणबाईंना पाच किलो शेवया करून दिल्या व त्याचे पैसे अजून यावयाचे आहेत, असे एकेक निघेल. छापील रकान्यात ते मावणार नाही. तेव्हा समासात लिहावे, आणि शेवयांच्या राहिलेल्या पैशांची रक्कमही लिहावी.